घरपट्टीचे दफ्तर

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा आम्ही ‘घरपट्टीचे दफ्तर’ असे सांगितले. चालकांनी सभ्यपणे ‘वा’ म्हटले. पण त्यांच्या चेहऱ्यावरचा प्रश्न लपला नाही. ज्ञानेश्वरी आणि अवकाशयाने यांच्या मधल्या दिवशी हे घरपट्टीचे लचांड कशाला? आमचे म्हणणे एवढेच की, या सभागृहात ओव्या पाठ असलेले पुष्कळ निघतील. आपल्या घराचे क्षेत्रफळ पालिकेच्या वहीत किती लिहिले आहे, हे सांगणारे पाच जण तरी निघतील की नाही याची शंका आहे. आणि त्या वहीतल्या आकड्यावर आपण वर्षानुवर्षे पैसे भरीत असतो.

आम्ही वकील नव्हे. आमचा जन्म कामगारांच्या पगाराच्या चिठ्ठ्या वाचण्यात गेला. चिठ्ठी हातात घेऊन कामगार येतो आणि म्हणतो, ‘पैसे कमी आले.’ नवखा कार्यकर्ता लगेच मॅनेजरच्या खोलीकडे धावतो. जुना कार्यकर्ता आधी मस्टर मागतो. चिठ्ठीवर असतो तो शेवटचा आकडा. तो कोठून आला हे हजेरीपटात, ग्रेडमध्ये आणि कपातीच्या खात्यात असते. गेली काही वर्षे आमच्या युनियनच्या कचेरीत पगाराच्या चिठ्ठ्यांबरोबर घरपट्टीची बिलेही येऊ लागली, तेव्हा आम्हांस दिसून आले की प्रकार तोच आहे. बिल ही चिठ्ठी. पालिकेची आकारणी नोंदवही हे मस्टर. लोक बिलावर भांडतात आणि नोंदवही कोणी पाहत नाही.

ती नोंदवही आहे कोठे आणि तिच्यात असते काय?

महाराष्ट्रात शहरांपुरते तीन कायदे आहेत. मुंबईस १८८८ चा, इतर महापालिकांस १९४९ चा आणि नगरपरिषदा व नगरपंचायती यांस १९६५ चा. मुंबई सोडली तर बहुतेक ठिकाणी घरपट्टीचा पाया एकच आहे, तो म्हणजे भाडे. प्रत्यक्ष भाडे नव्हे, तर ते घर भाड्याने दिले असते तर वर्षाला वाजवीपणे किती भाडे आले असते, हा अंदाज. या अंदाजाला वार्षिक भाडेमूल्य म्हणतात. त्यातून दुरुस्तीखर्चाबद्दल दहा टक्के वजा करावयाचे. उरते ते करयोग्य मूल्य. या करयोग्य मूल्यावर शेकडा अमुक या दराने कर बसतो. आपण स्वतःच्याच घरात राहतो, भाडे घेत नाही, मग भाड्यावर कर कसला, असे पुष्कळ लोक विचारतात. उत्तर असे की भाडे हे येथे केवळ मोजण्याचे माप आहे. कापड वाराने मोजले म्हणून कोणी वार विकत घेत नाही.

एक हिशेब मांडून पाहू. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत. आपल्या गावचे दर वेगळे असतील. समजा, घराचे क्षेत्र वहीत ४५ चौरस मीटर लिहिले आहे आणि त्या भागात तशा बांधकामाचा दर दरमहा चौरस मीटरला २० रुपये धरला आहे. महिन्याचे झाले ९०० रुपये, वर्षाचे १०,८००. दहा टक्के, म्हणजे १,०८० वजा जाता करयोग्य मूल्य ९,७२० रुपये. कराचा दर शेकडा २५ असेल तर घरपट्टी २,४३० रुपये. आता घरमालकाने टेप घेऊन घर मोजले आणि क्षेत्र निघाले ३६ चौरस मीटर. त्याच रीतीने हिशेब केला की महिन्याचे ७२०, वर्षाचे ८,६४०, करयोग्य मूल्य ७,७७६ आणि घरपट्टी १,९४४ रुपये येते. फरक वर्षाला ४८६ रुपयांचा. कोणी म्हणेल, एवढ्यासाठी कचेरीचे उंबरे कोण झिजवणार? परंतु आकारणीची वही चार वर्षांतून एकदा पुरी तपासली गेली पाहिजे, एवढेच कायदा सांगतो. मधल्या वर्षांत जुनीच नोंद पुढे ओढली तरी चालते. तेव्हा ४८६ ची चौपट करा. १,९४४ रुपये. म्हणजे चार वर्षांत एका अख्ख्या वर्षाची घरपट्टी आपण न बांधलेल्या नऊ चौरस मीटरवर भरली.

या हिशेबात चारच गोष्टी आहेत: क्षेत्र, बांधकामाचा प्रकार व वय, वापर आणि दर. पहिल्या तिन्ही आपल्याला स्वतः तपासता येतात. त्यांस इंजिनियर लागत नाही. क्षेत्र पाहताना मात्र एक विचारून घ्यावे: वहीतले क्षेत्र चटई क्षेत्र आहे की बांधीव? चटई म्हणजे भिंतींच्या आतले, बांधीव म्हणजे भिंती धरून. लहान खोल्यांच्या घरात भिंतीच पुष्कळ जागा खातात, म्हणून गरिबाच्या घरी हा फरक प्रमाणाने मोठा असतो. फूट आणि मीटर यांचा घोटाळाही आम्ही पाहिला आहे. एका चौरस मीटरला पावणेअकरा चौरस फुटांहून किंचित अधिक भरतात. घर मोजताना शेजाऱ्यास टेपचे दुसरे टोक धरावयास सांगावे आणि प्रत्येक खोलीची लांबी-रुंदी कागदावर उतरून त्यावर त्याचीही सही घ्यावी. पुढे सुनावणीच्या वेळी हा कागद फार उपयोगी पडतो.

‘वापर’ हा रकाना त्याहून महत्त्वाचा. राहत्या घराहून दुकानाचा किंवा कारखान्याचा दर पुष्कळ चढा असतो, शिवाय बिलात बिगरनिवासी म्हणून आणखी उपकर येतात. घराच्या ओसरीवर कोणे एके काळी पिठाची गिरणी होती किंवा शिलाईचे यंत्र होते. ते गेले, पण वहीतून गेले नाही, अशी उदाहरणे प्रत्येक गल्लीत सापडतील. दुकान उघडले की पालिकेचा माणूस दोन महिन्यांत येतो. ते बंद झाल्याचे त्याला कळवण्याचे काम मात्र आपल्यावर असते.

वही पाहावयाची कशी? बिलाच्या माथ्यावर मालमत्ता क्रमांक असतो. कोठे वॉर्ड आणि घर क्रमांक मिळून, कोठे एकच लांब आकडा. हा क्रमांक घेऊन पालिकेच्या कर विभागात जावे आणि आकारणीचा उतारा मागावा. लेखी अर्ज करावा, शुल्क भरावे, पावती घ्यावी. मालमत्ता कराचा उतारा आणि थकबाकी नसल्याचा दाखला या दोन्ही गोष्टी महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खालील सेवांत येतात. त्यांस ठरलेली मुदत आहे आणि मुदत चुकली तर अपील आहे. कित्येक महापालिकांच्या संकेतस्थळांवर क्रमांक घातला की मागणी व थकबाकी घरबसल्या दिसते. सोय चांगली आहे. मात्र पडद्यावर बहुधा बिल दिसते, क्षेत्र आणि दर यांचा तपशील पुरता दिसत नाही. म्हणून उतारा हातात घेतल्यावाचून राहू नये. मोजणीच्या वेळी कर्मचाऱ्याने काढलेला नकाशा, त्यावरील टिपणे आणि त्या भागाच्या दरांचा तक्ता हे पाहिजे असेल तर माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली दहा रुपयांचा कोर्ट-फी स्टँप लावून अर्ज करावा. ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. ‘साहेब रजेवर आहेत’ हे उत्तर धरले जात नाही.

ज्यांची घरे ग्रामपंचायतीच्या हद्दीत आहेत, त्यांनी तेथे ‘नमुना ८’ मागावा. ती आकारणीची नोंदवही. ‘नमुना ९’ म्हणजे मागणीची वही आणि ‘नमुना १०’ म्हणजे पावती. २०१५ च्या अखेरीस नियम बदलले आणि तेव्हापासून ग्रामपंचायतीची आकारणी भांडवली मूल्यावर होते. आज शेजारच्या वाड्या शहराच्या हद्दीत येत आहेत. हद्दवाढ झाली की पालिका नवी मोजणी करते. त्यापूर्वीचा नमुना ८ चा उतारा जपून ठेवावा, कारण घर केव्हापासून उभे आहे याचा तो एक जुना पुरावा असतो.

आता दराकडे वळू. तो पालिका ठरवते, त्यात सामान्य माणसास काय बोलता येणार, असा समज आहे. येथे आम्ही बार्शीची गोष्ट सांगणार आहोत. ती सांगताना आम्हांस थोडे अवघडल्यासारखे होते, कारण गिरणीमालकाने जिंकलेल्या खटल्याचे गुणगान करण्याची वेळ आमच्यावर क्वचितच येते.

सोलापूर जिल्ह्यातील बार्शीच्या नगरपालिकेने गिरण्या आणि कारखाने यांच्या इमारतींसाठी नियम केला: मजल्यावरील दर १०० चौरस फुटांस वार्षिक भाडे ४० रुपये धरावे, आणि त्यावर घरपट्टी घ्यावी. कारकुनाच्या दृष्टीने काम सोपे. टेप लावली, गुणाकार केला, बिल तयार. लोकमान्य मिल्स ही तेथील कापड गिरणी या नियमाविरुद्ध भांडत सुप्रीम कोर्टापर्यंत गेली, आणि १९६१ साली कोर्टाने तो नियम बेकायदा ठरवला. कारण समजून घेण्यासारखे आहे. कायद्याने पालिकेस सांगितले होते की त्या इमारतीला वाजवी भाडे किती येईल ते पाहा. इमारत कोठे आहे, कशी बांधली आहे, किती जुनी आहे, यावर भाडे अवलंबून असते. पालिकेने सर्वांस एकच फूटपट्टी लावली, म्हणजे मूल्य ठरवण्याचे काम केलेच नाही. आणि तसे करताना मूल्याविरुद्ध हरकत घेण्याचा करदात्याचा हक्क नावापुरता उरला. दर नियमातच गोठवलेला असेल, तर हरकत घेऊन मनुष्य बोलणार काय?

आज नगरपरिषदा भागवार व बांधकामवार दरांचे तक्ते करतात. तक्ता करण्यात गैर नाही. कोठून तरी सुरुवात करावी लागते. परंतु भाड्यावर आकारणी आहे तोवर ‘माझ्या घराला एवढे भाडे येणार नाही’ हे दाखवण्याचा हक्क तक्त्याने जात नाही, हा बार्शीच्या निकालाचा आमच्या समजुतीप्रमाणे अर्थ आहे. त्याच वर्षी कलकत्त्याच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने आणखी एक गोष्ट सांगितली. भाडेनियंत्रण कायद्याने ज्या जागेचे प्रमाणित भाडे ठरले आहे, तिचे ‘वाजवी अपेक्षित भाडे’ त्याहून अधिक धरता येत नाही. कायदा जे घेऊ देत नाही ते मिळण्याची अपेक्षा वाजवी कशी म्हणावी? जुन्या चाळींतल्या मंडळींनी हे लक्षात ठेवावे. दराविरुद्ध बोलावयाचे तर रिकाम्या हाताने जाऊ नये. आपल्याच आळीतल्या, तशाच बांधकामाच्या दोन-चार घरांचे उतारे किंवा खरे भाडेकरार बरोबर असावेत. ‘फार झाले हो साहेब’ हा मुद्दा नव्हे. ‘शेजारच्या तशाच घरास १४ चा दर, मला २० चा का’ हा मुद्दा.

मुंबईचे गणित निराळे. तेथे कायदाच बदलून १ एप्रिल २०१० पासून भाड्याऐवजी भांडवली मूल्य धरले गेले. स्टँप ड्यूटीसाठी शासन दर वर्षी जमिनीच्या व इमारतींच्या बाजारभावाचे तक्ते काढते. त्यांवर इमारतीचे वय, प्रकार, वापर यांचे गुणक लावून मूल्य काढतात. यावरही भांडण झाले. २०२२ च्या नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टाने पद्धत राहू दिली, पण तिच्या नियमांतील काही नियम रद्द केलेले मुंबई हायकोर्टाचे मत उचलून धरले. पुढे कधी होऊ शकणाऱ्या बांधकामाची किंमत आजच्या करात धरू नये, असा त्यातला मुख्य मुद्दा. मुंबईचे एवढे पुरे. आपण आपल्या गावाकडे येऊ.

नगरपरिषदेत क्रम असा असतो. कर्मचारी घरोघर जाऊन मोजणी करतात. आकारणीची यादी तयार होते. शासनाने नेमलेला प्राधिकृत मूल्यनिर्धारण अधिकारी ती तपासतो. हा बहुधा नगर रचना खात्याचा असतो, पालिकेचा नोकर नव्हे. मग जाहीर नोटीस निघते की यादी पाहण्यास खुली आहे आणि अमुक तारखेपर्यंत हरकती द्याव्यात. या मुदतीत कोणासही कचेरीत जाऊन आपली नोंद पाहता येते. ज्याची आकारणी नवी आहे किंवा वाढली आहे त्याला निराळी नोटीसही मिळावयास हवी. हरकतींवर सुनावणी होते, दुरुस्त्या होतात, यादीवर शेवटच्या सह्या पडतात. त्यानंतर बिल छापले जाते.

हरकतीची ती एकच तारीख सगळ्यात मोलाची आहे, हे आम्ही फार महाग शिकलो.

काही वर्षांपूर्वी आमची बरीचशी सभासद-मंडळी राहतात त्या एका गावी फेरआकारणी झाली. कामगार वस्तीत नोटिसा आल्या. कोणाची दीडपट, कोणाची दुप्पट. लोक युनियनकडे आले. आम्ही जे करतो ते केले. सभा घेतली, मोर्चा काढला, पाच-सहाशे माणसे पालिकेच्या दारात बसवली, मुख्याधिकाऱ्यांस निवेदन दिले. त्यांनी ते नम्रपणे घेतले, पोचही दिली. वर्तमानपत्रात छायाचित्र आले. आम्ही विजयी मुद्रेने घरी गेलो. पुढे बिले आली ती वाढीवच. आम्ही अपिले लिहून दिली, आणि एकामागून एक सगळी परत आली. कारण १९६५ च्या कायद्यात अपिलाला तीन अटी आहेत: बिल मिळाल्यापासून १५ दिवसांत अपील केले पाहिजे, मागितलेली रक्कम आधी भरली पाहिजे, आणि ज्याचे घर त्याने ठरलेल्या मुदतीत आकारणीविरुद्ध लेखी हरकत घेतलेली असली पाहिजे. पहिल्या दोन आम्ही पाळल्या. तिसरी कोणीच पाळली नव्हती. मोर्चाच्या निवेदनात एकाही घराचा क्रमांक नव्हता, एकाही घराचे क्षेत्र नव्हते. ती कोणा एकाची हरकत नव्हती.

कोणीच नाही म्हटले, पण एक बाई निघाल्या. सूतगिरणीतून निवृत्त झालेल्या, वस्तीच्या टोकाला राहणाऱ्या. त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत मुलाचे किराणा दुकान होते. ते तीन वर्षांपूर्वी मोडले, पण वहीत ती खोली ‘दुकान’च राहिली होती. त्यांनी नातवाच्या वहीचे पान फाडून लिहिले की माझ्या घरात दुकान नाही, येऊन पाहा. खाली मालमत्ता क्रमांक घातला आणि मुदतीत देऊन पोच घेतली. सुनावणी झाली, माणूस पाहणीस आला, ती खोली निवासी झाली आणि त्यांचे बिल उतरले. आम्ही त्यांस विचारले, ‘मावशी, आम्हांला का नाही सांगितलेत?’ त्या म्हणाल्या, ‘दादा, मोर्चाला मी होतेच की. पण अर्जाची शेवटची तारीख तिथं भिंतीवरच लावली होती.’ त्या भिंतीला पाठ लावून आम्ही भाषण केले होते.

तेव्हापासून आमची रीत बदलली. फेरआकारणीची नोटीस निघाली की प्रथम अर्ज भरण्याचे टेबल मांडतो. मोर्चा काढावयाचा तर त्यानंतर. अर्जात मालमत्ता क्रमांक, वहीतली नोंद, आपल्या मते खरी नोंद, त्याचा पुरावा आणि सुनावणीची मागणी एवढे असले की पुरे. शासनाविरुद्धचा राग अर्जात घालू नये. तेवढ्यात दोन ओळी वाया जातात. महापालिकेच्या हद्दीत अपील न्यायाधीशापुढे जाते, पण तेथेही आधी तक्रार केलेली व तिचा निकाल झालेला असावा लागतो, १५ दिवसांची मुदत असते आणि रक्कम भरावी लागते. भरले म्हणजे मान्य केले, असे कोणी समजू नये. उलट भांडण चालू आहे म्हणून बिल थकवणे धोक्याचे. थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती चढते, म्हणजे वर्षाला चोवीस. इतके व्याज आमच्या वस्तीतले सावकारसुद्धा उघडपणे सांगत नाहीत.

आता त्या रकान्याविषयी, ज्याच्यामुळे आम्ही या विषयात ओढले गेलो. नोंदवहीत मालकाच्या नावाशेजारी ‘भोगवटादार’ असा रकाना असतो. भोगवटादार म्हणजे प्रत्यक्ष जागा वापरणारा. आमच्या सभासदांची एक जुनी चाळ आहे. तीस-चाळीस वर्षे तेथे तीच कुटुंबे राहतात. इमारत मोडकळीस आली, पाडून नवी बांधावयाची बोलणी सुरू झाली, आणि पुनर्वसनाच्या यादीसाठी आम्ही पालिकेतून उतारे काढले. मागील एका फेरआकारणीपर्यंत प्रत्येक खोलीपुढे भाडेकरूचे नाव होते. त्यानंतरच्या वहीत तेरा खोल्यांपुढे एकच शब्द होता: ‘स्वतः’. म्हणजे मालक स्वतः राहतो. तेरा खोल्यांत एकटा मालक! हे कोणाच्या सांगण्यावरून झाले ते आम्ही सिद्ध करू शकलो नाही, म्हणून त्याविषयी काही म्हणत नाही. कारणे मात्र सांगता येतात. भाड्याने दिलेल्या जागेस पुष्कळ ठिकाणी अधिक कर बसतो, त्यामुळे ‘स्वतः’ लिहिण्यात कर वाचतो. आणि पुढे कधी ‘येथे भाडेकरू नव्हतेच’ असे म्हणावयाची सोय होते. आम्ही जुने उतारे, भाडेपावत्या, विजेची बिले, शिधापत्रिका जमवून प्रत्येकाचा स्वतंत्र अर्ज दिला. नऊ नावे परत आली. चार खोल्यांच्या भाडेपावत्याच कोणी ठेवल्या नव्हत्या. त्यांचे काम अजून चालू आहे. जुन्या वह्यांचे उतारे मिळाले नसते तर तेराही गेल्या असत्या.

भाडेकरूने घरपट्टीची वही पाहण्याचे आणखी एक कारण आहे. महापालिका कायद्याप्रमाणे मालकाने पट्टी थकवली तर पालिका जागा वापरणाऱ्याकडे मागणी करू शकते. तशी भरलेली रक्कम भाड्यातून वळती करून घेता येते. नोटीस दारावर चिकटेपर्यंत थकबाकीचा पत्ता नसावा, हे बरे नव्हे.

मात्र उलट बाजूची चूकही तितकीच मोठी आहे. घरपट्टीच्या उताऱ्यावर नाव आहे, पावत्या आपल्या नावाच्या आहेत, म्हणून घर आपले झाले, असे समजून बसलेले लोक आम्ही पाहिले आहेत. आणि केवळ अशा उताऱ्यावर आयुष्याची ग्रॅच्युइटी ओतून घर घेतलेला एक मनुष्यही पाहिला आहे. विकणाऱ्याचे नाव पालिकेच्या वहीत होते. जमीन मात्र दुसऱ्याचीच निघाली. पालिकेला कर कोणाकडून वसूल करावयाचा एवढेच त्या वहीत ठरते. मालकी ठरवणे हे तिचे काम नव्हे. महसुली नोंदींविषयीसुद्धा सुप्रीम कोर्टाने वारंवार हेच सांगितले आहे की त्या नोंदींनी मालकी निर्माण होत नाही. घर घेताना नोंदलेले खरेदीखत आणि त्यामागच्या खरेद्यांची साखळी पाहावी. जमिनीसाठी नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक काढावे, आणि जेथे नगर भूमापन झालेले नाही तेथे सातबारा. बांधकामाची परवानगी व भोगवटा प्रमाणपत्र निराळे मागावे. घरपट्टीचा उतारा यांच्या जोडीला ठेवावा, त्यांच्या जागी नव्हे. अनधिकृत बांधकामावरही पालिका कर घेते, वर दंडही आकारते. तो भरल्याने बांधकाम नियमित होत नाही. पावतीवर बहुधा तसे बारीक अक्षरात छापलेलेच असते.

बिलाच्या इतर ओळींविषयी थोडक्यात. घरपट्टीखाली शिक्षण कर दिसतो, आणि बिगरनिवासी जागेस रोजगार हमीचा उपकर. हे १९६२ च्या राज्याच्या कायद्याखाली पालिका गोळा करते आणि शासनाकडे पाठवते. वृक्ष कर १९७५ च्या झाडांच्या कायद्याचा. या ओळींचे दर आपल्या हरकतीने बदलत नाहीत. पण त्या करयोग्य मूल्यावरच बसत असल्या तर मूल्य उतरले की त्याही उतरतात. दुरुस्ती झाल्यावर सगळे बिल पुन्हा गुणून पाहावे. घरपट्टीची ओळ बदलली आणि शिक्षण कर जुन्याच मूल्यावर राहिला, असेही झालेले आहे.

सवलतींचेही असेच. पुण्यात १९७० च्या ठरावापासून स्वतः राहत असलेल्या घराच्या भाडेमूल्यात ४० टक्के सवलत होती. लेखापरीक्षणात आक्षेप निघाला, सवलत काढली गेली, आणि नागरिकांनी बरीच ओरड केल्यावर २०२३ साली शासनाने ती परत चालू केली. वर्तमानपत्रात बातमी वाचून लोक निश्चिंत झाले. पण ज्यांची सवलत गेली होती त्यांस ‘पीटी-३’ नावाचा अर्ज भरून स्वतः राहत असल्याचा पुरावा द्यावा लागला. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांचा मालमत्ता कर १ जानेवारी २०२२ पासून माफ झाला. तेथे सारा प्रश्न वहीत ५०० आहेत की ५०५ यावर येऊन थांबतो. आपल्या नगरपरिषदेत माजी सैनिकांसाठी किंवा सौर बंब बसवलेल्यांसाठी काही सूट आहे काय, हे कर विभागातच विचारावे. सवलती गावोगाव निरनिराळ्या आहेत.

सुनावणीला जाताना नोटीस, हरकतीची पोच, उतारा, मोजणीचा कागद आणि शेजाऱ्यांचे उतारे बरोबर न्यावेत, प्रत्येकाची एक प्रत अधिकाऱ्यास द्यावी व मूळ आपल्यापाशी ठेवावे. बोलताना क्षेत्र, मग वापर, मग दर या क्रमाने बोलावे; क्षेत्र टेपने लगेच सिद्ध होते, आणि एक चूक मान्य झाली की अधिकारी पुढचे ऐकून घेतो. निर्णय लेखी मागावा. आणि पुढच्या एप्रिलनंतर पुन्हा एकदा उतारा काढावा, कारण सुनावणीत झालेली दुरुस्ती कागदावर राहून संगणकात न चढल्याची दोन प्रकरणे याच वर्षी आमच्या टेबलावर आली आहेत.

आमच्या कचेरीत हरकतीच्या अर्जाचा नमुना आणि तीस मीटरची एक टेप ठेवलेली आहे. टेप नेणाऱ्याने वहीत सही करून न्यावी, दुसऱ्या दिवशी परत आणावी.